रिझ, भो आणि आंडोर: खानदेशातल्या घरांतल्या तीन पिढ्यांच्या बोलण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. माहेर धुळ्याकडचं, घरातलं बोलणं अहिराणी. वर्गातल्या पोरांच्या शब्दांचे अर्थ विचारणारे निरोप मला पालकांकडून येतात आणि घरातल्या म्हाताऱ्यांच्या शब्दांचे अर्थ पोरं विचारतात. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवते आहे. एखाद्याचं उत्तर दुसरीकडे दिलेलं असेल तिथे क्रमांक टाकला आहे.

१. जेन झी, जेन अल्फा म्हणजे नेमकी कोणती मुलं? माझा मुलगा २०११ चा आहे, तो कशात येतो?

अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरच्या हिशेबाने १९९७ ते २०१२ या काळात जन्मलेली मुलं म्हणजे जेन झी. म्हणजे तुमचा मुलगा तिच्या शेपटाला आला. त्याच्या मागून आलेल्यांना जेन अल्फा म्हणतात. पण या रेषा तिकडच्या आयुष्यावरून आखलेल्या आहेत, इथे त्या जशाच्या तशा बसत नाहीत. आपल्याकडे मला दोन खुणा जास्त कामाच्या वाटतात. घरात टीव्ही आला ते साल ही एक, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर इंटरनेट स्वस्त झालं ही दुसरी. शिरपूर तालुक्यातल्या पाड्यावरचा १९९९ चा मुलगा आणि जळगाव शहरातला त्याच वर्षीचा मुलगा यांचं बालपण एका पिढीचं नव्हतंच.

२. मुलगी दिवसभर ‘रिझ’, ‘ऑरा’, ‘डेलुलु’, ‘क्रिंज’, ‘नो कॅप’ असं बोलते. यात काही वाईट अर्थ आहे का?

नाही, या पाचांपैकी एकातही घाबरण्यासारखं काही नाही. ‘रिझ’ म्हणजे समोरच्यावर छाप पाडण्याची, बोलून मोहवण्याची हातोटी. ‘करिश्मा’ या अर्थाचा जो इंग्रजी शब्द आहे, त्याच्या पोटातून हा तुकडा काढलाय. ऑक्सफर्डने २०२३ चा ‘वर्षाचा शब्द’ म्हणून तो निवडला होता, इतका तो रुळलेला आहे. ‘ऑरा’ म्हणजे माणसाचं वजन, रुबाब. चांगलं काही केलं की ऑरा वाढतो, फजिती झाली की घटतो, आणि मुलं त्याचे गुण मोजतात. ‘डेलुलु’ म्हणजे स्वतःच्याच भ्रमात राहणारा. हा शब्द कोरियन गाण्यांच्या चाहत्यांमधून पसरला. ‘क्रिंज’ म्हणजे बघणाऱ्यालाच लाज वाटावी असं काही. ‘नो कॅप’ म्हणजे खोटं नाही, शप्पथ.

‘नो कॅप’सारखे बरेच शब्द मूळचे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतले आहेत. तिथून गाण्यांत, गाण्यांतून व्हिडिओत आणि तिथून अमळनेरच्या कट्ट्यावर. मी वर्गात हे सांगते तेव्हा मुलं गप्प होऊन ऐकतात. आपण ज्याला भारी म्हणतो ते मुळात कुणाच्या तरी घरातलं साधं बोलणं होतं, हे त्यांना माहीतच नसतं. मग मी विचारते, तुमच्या घरातल्या बोलण्याला का लाजता? (प्रश्न ८ पहा.)

३. ‘सिक्स-सेव्हन’ म्हणजे काय? वर्गात कुणी सदुसष्ट म्हटलं की सगळी पोरं ओरडतात.

काहीच नाही. २०२५ मध्ये डिक्शनरी डॉट कॉमने हा आकडा ‘वर्षाचा शब्द’ म्हणून निवडला तेव्हाही त्याला धड अर्थ सापडत नव्हता. एका रॅप गाण्यातून तो आला आणि पसरला. ‘मी तुमच्यातला आहे’ एवढंच सांगण्यासाठी मुलं तो वापरतात. अशा परवलीच्या शब्दांची त्यांना इतकी गरज का पडते, ते प्रश्न ७ मध्ये लिहिलं आहे.

४. मी ग्रुपवर विनोद टाकला आणि नातीने खाली कवटी टाकली. मला फार लागलं. असं का करतात?

ती हसली आहे. ‘हसून हसून मेले’ यातला मेलेपणा ती कवटी दाखवते. डोळ्यांतून पाणी येणारा हसरा चेहरा तुमच्या-माझ्या वयाचे लोक टाकतात म्हणून मुलांना तो जुना वाटतो.

आमच्या घरातही हे झालंय. चुलत सासऱ्यांनी ग्रुपवर चुटका टाकला, पुतण्याने तीन कवट्या टाकल्या. रात्री साडेनऊला अप्पांचा फोन आला, आवाज कापत होता: ‘‘हाऊ पोऱ्या माले मराले सांगी ऱ्हायना का?’’ त्यांना नुकतीच दवाखान्यातून घरी सुट्टी मिळाली होती. पुतण्याला ते कळलं तेव्हा तो रडवेला झाला आणि सकाळी पहिल्या एस.टी.ने पारोळ्याला जाऊन अप्पांच्या पाया पडून आला.

उलट बाजूनेही गैरसमज होतात. आपण उभा अंगठा पाठवतो तो होकार म्हणून. मुलांना तो ‘बरं, संपलं तुझं’ असा तोंडावर दार लावल्यासारखा वाटतो. वाक्याच्या शेवटी आपण सवयीने तीन टिंबं देतो, तर ती वाचून त्यांना वाटतं की आपण रागावलो आहोत. शंका आली की फोन लावा. लिहून खुलासे करत बसलं की गुंता वाढतो.

५. आमच्या वेळी असली भाषा नव्हती. आम्ही शुद्ध बोलायचो. खरं ना?

तुमच्या शाळेच्या बाकांवर काय कोरलं होतं ते आठवा. रापचिक, टकाटक, खलास, बंडल मारणं, लाइन मारणं, शायनिंग मारणं, पकवणं, डोक्याला शॉट हे सगळं तुमच्या-माझ्या पिढीचं. माझ्या वडिलांनी ‘पकवू नका’ ऐकून माझ्या भावाला ताटावरून उठवलं होतं. ‘पाट्या टाकणं’ तर आता अग्रलेखातही छापलं जातं. प्रत्येक पिढीतले शंभरातले पाच-दहा शब्द भाषेत मुरतात आणि बाकीचे ती पिढी मोठी झाली की गळून पडतात. म्हणून मुलांच्या नव्या शब्दांची मला काळजी वाटत नाही. मला काळजी आहे ती प्रश्न ८ मधल्या गोष्टीची.

६. आम्ही ‘काय भो’ म्हणतो, आमची मुलं ‘काय भावा’ म्हणतात. ‘नाद खुळा’, ‘विषय हार्ड’ हे शब्द आपले आहेत का?

‘नाद खुळा’ कोल्हापूरकडचा, ‘विषय हार्ड’ही तिकडूनच घाटावरून फिरत आला. दोन्हींचा अर्थ ‘जबरदस्त’. चित्रपट, मालिका आणि आता रील्स यांत दक्षिण महाराष्ट्राचा ठसका जास्त ऐकू येतो म्हणून आपली मुलंही तो उचलतात. त्यात वाईट काही नाही, शब्द पाहुणे असतात, आले तर येऊ द्यावेत.

‘भो’ मात्र सांभाळावा असं मला मनापासून वाटतं. ‘बरं भो’, ‘नही रे भो’, ‘चाल भो’ यात एक अक्षर सगळं काम करतं: माया, कंटाळा, समजूत, कधी ताकीदही. पुण्याच्या वसतिगृहात आमच्या मुलांना त्यावरून चिडवतात आणि पहिल्या सत्रातच ती ‘भो’ टाकून देतात. एक विद्यार्थी मला म्हणाला, ‘‘मॅडम, भुसावळ सुटलं की तोंड बदलतं.’’

७. रामायण-महाभारत मालिका, छायागीत, बिनाका गीतमाला… मुलांना यातलं काहीच कसं माहीत नाही?

कारण तुमच्याकडे दुसरं काही नव्हतं, आणि त्यांच्याकडे सगळंच आहे. ‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं आणि ‘महाभारत’ २ ऑक्टोबर १९८८ ला. तेव्हा आमच्या गावात टीव्ही एका घरात. रविवारी सकाळी त्यांच्या ओट्यापुढे चपलांचा ढीग, आत पाय ठेवायला जागा नाही, वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची. गावातली सत्तरीची म्हातारी आणि सात वर्षांची मी एकाच वेळी एकच चित्र पाहत होतो. त्याआधीच्या पिढीला रेडिओ सिलोनवर १९५२ पासून बिनाका गीतमाला होती आणि अमीन सयानींचा आवाज होता. एक वाहिनी, एक आवाज, म्हणून सगळ्यांच्या आठवणीही सारख्या.

आज एका बाकावर बसणाऱ्या दोन मुलींचं पाहणंही सारखं नसतं. एकीच्या फोनवर कोरियन मालिका, दुसरीच्या फोनवर अहिराणी विनोद. सामायिक असं त्यांच्याकडे फार कमी उरलं आहे, आणि म्हणूनच ‘सिक्स-सेव्हन’सारखी चार अक्षरं सगळ्यांनी मिळून ओरडण्यात त्यांना इतका आनंद मिळतो. मला ते पाहून वाईटही वाटतं.

याला अपवादही आहेत. लॉकडाउनमध्ये २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखवलं तेव्हा कितीतरी घरांत तीन पिढ्या एकत्र बसल्या. आणि १९८८ चा ‘अशी ही बनवाबनवी’ तर पंधरा वर्षांच्या मुलांना तोंडपाठ आहे. फरक इतकाच की अनेकांनी तो सलग पाहिलेलाच नाही, स्टिकर आणि मीममधून त्याचे तुकडे त्यांच्यापर्यंत आले आहेत. हा चित्रपट त्यांच्यासोबत पूर्ण पाहा. कुठल्या वाक्याला कोण आधी हसतं ते पाहण्यात दोन-अडीच तास छान जातात.

८. आम्ही घरात अहिराणी बोलायचो. मुलांना ती समजते पण बोलता येत नाही. हासुद्धा पिढ्यांमधला अंतराचाच प्रकार का?

हो, आणि माझ्या मते खानदेशातलं खरं अंतर हेच आहे. ‘रिझ’ न कळल्याने आजीचं काही अडत नाही. पण आजी ‘बठा इ ग्यात का?’ असं विचारते आणि नातवाला ‘सगळे आले का?’ हा साधा अर्थ लागत नाही, तेव्हा घरातलं बोलणंच थांबतं.

हे अंतर मोबाइलने पाडलेलं नाही. आम्ही मधल्या पिढीने पाडलं. मी पाचवीत असताना सरांनी गणित येतं का विचारलं, मी म्हणाले, ‘‘माले येस सर.’’ वर्ग हसला. सर म्हणाले, ‘‘मला येतं, असं माणसासारखं बोल.’’ त्या ‘माणसासारखं’ने माझ्या तोंडातली अहिराणी शाळेपुरती बंद झाली, पुढे कॉलेजात बंद झाली, आणि लेकरं झाल्यावर मी त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून प्रमाण मराठीच बोलले. माझ्यासारख्या हजारो आयांनी हेच केलं. लेकराला कुणी ‘गावठी’ म्हणू नये, एवढीच त्यामागे इच्छा होती.

जनगणनेत अहिराणीची गणना ‘खानदेशी’ या नावाखाली होते. २००१ मध्ये ती मातृभाषा म्हणून सांगणारे २० लाख ७५ हजार २५८ लोक होते, २०११ मध्ये १८ लाख ६० हजार २३६. दहा वर्षांत २ लाख १५ हजार माणसं कमी झाली, लोकसंख्या वाढत असताना. ती माणसं कुठे गेली नसावीत, त्यांच्या घरात मातृभाषेच्या रकान्यात बहुधा ‘मराठी’ लिहिलं गेलं.

आणि अहिराणी म्हणजे बिघडलेली मराठी, हा समज सोडा. ब्रिटिश काळात जॉर्ज ग्रिअर्सनने केलेल्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात घातलेलंच नाही. १९०७ साली छापलेल्या भिल्ली भाषांच्या खंडात तिची वेगळी मांडणी आहे. ‘मना’, ‘तुना’, ‘रामनी माय’ यातलं ‘ना-नी’ गुजरातीशी नातं सांगतं. ‘आहे’ला ‘शे’, मुलाला ‘आंडोर’, मुलीला ‘आंडेर’. यात अशुद्ध काय आहे?

९. रील्सवर अहिराणी गाणी जोरात आहेत. त्यामुळे बोली वाचेल का?

गाण्यांनी बोली वाचत नाही, पण लाज मोडते. लाज मोडणं ही पहिली पायरी आहे, म्हणून मला या गाण्यांचं फार कौतुक वाटतं. ‘हाई झुमका वाली पोर’ खानदेशाबाहेरही वाजलं, अहिराणीचा गंध नसलेल्या लोकांनी त्यावर नाच केले. ज्या बोलीवरून आम्हाला हसले, तीच आता लग्नात फर्माईश करून वाजवतात.

गेल्या उन्हाळ्यात गच्चीवर सासूबाई बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालत होत्या. माझा चौदा वर्षांचा मुलगा पातेल्यातला घाटा तेल घालून खात खात ते गाणं गुणगुणत होता, ‘‘हाय झुमका वाली पोर…’’ सासूबाईंचा हात थांबला. ‘‘हाय नही रे भो. हाई. हाई म्हंजे ही.’’ तो चक्रावला. त्याला वाटत होतं की गाण्यातला माणूस पोरीला इंग्रजीतून ‘हाय’ करतोय. मग त्याने विचारलं, ‘‘आणि ‘हा’ला?’’ ‘‘हाऊ.’’ ‘‘इथे?’’ ‘‘आठे.’’ ‘‘तिथे?’’ ‘‘तठे.’’ प्लॅस्टिकच्या कागदावरचे बिबडे वाळेपर्यंत ते चालू होतं. त्या दिवशी त्याने फोनमध्ये अठ्ठावीस शब्द लिहून घेतले. चौदा वर्षांत मी त्याला अठ्ठावीस शब्द दिले नव्हते.

१०. बहिणाबाईंची कविता अहिराणीत आहे ना?

नाही, ही चूक शिक्षकही करतात. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) जळगावजवळच्या आसोद्याच्या, आणि त्यांची कविता लेवा गणबोलीत आहे. दोन्ही बोली खानदेशातल्याच, एकमेकींच्या शेजारी नांदणाऱ्या. पण लेवा बोली मराठीच्या पुष्कळ जवळ आहे, अहिराणीचं व्याकरण वेगळ्या वळणाचं. त्यांच्या ‘वढाय’ या शब्दाला प्रमाण मराठीत ‘ओढाळ’ म्हणतात. आज सगळा महाराष्ट्र ‘वढाय’ म्हणतो तेव्हा त्याला कुणी गावठी म्हणत नाही.

११. मालेगावचे ‘खानदेशी’ कॉमेडी व्हिडिओ कोट्यवधी लोक पाहतात. तीच अहिराणी का?

बहुतेक व्हिडिओंची भाषा हिंदी आहे, मालेगावच्या मोहल्ल्यांची चव असलेली. मालेगाव नाशिक जिल्ह्यात येतं, तरी आसपासच्या खेड्यांत अहिराणी चालते, म्हणून लहेजा ओळखीचा वाटतो. यंत्रमागावर राबणाऱ्या माणसांनी तिथे स्वतःचा सिनेमा उभा केला. ‘मालेगाव के शोले’पासून हा प्रवास सगळ्यांना ठाऊक झाला. या व्हिडिओंतल्या छोटू दादामुळे ‘खानदेश’ हे नाव बिहारातल्या पोरांनाही कळलं. पण मुलं अहिराणी शिकतील या आशेने हे व्हिडिओ लावत असाल तर उपयोग नाही.

१२. मी चव्वेचाळिसाची आहे. मुलांशी बोलताना त्यांचे शब्द वापरू का?

अर्थ माहीत करून घ्या, पण स्वतःच्या तोंडी घालू नका. आईने ‘स्ले’ (म्हणजे ‘भारी!’) म्हटलं की मुलं तो शब्द टाकून देतात. अर्थ विचारलेला मात्र त्यांना आवडतो, समजावताना त्यांचा चेहरा खुलतो.

१३. मग कुठल्याच शब्दाला अडवायचं नाही का?

अडवायचं. ‘छपरी’ हा शब्द मुलं कुणाच्याही केसांवरून, कपड्यांवरून सर्रास वापरतात. छप्परबंद हा समाज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहे, आणि हा शब्द त्यांच्याशी जोडला जातो. ज्या मुलाच्या घराचं ते नाव आहे तो वर्गात बसलेला असू शकतो. मी हे एकदा शांतपणे सांगितलं, त्यानंतर निदान माझ्यासमोर तो शब्द आला नाही. ‘गावठी’ही त्याच पंक्तीतला. ज्या शब्दाने माणूस लहान होतो तो जुना असो की नवा, घरात चालू देऊ नये. बाकी मित्रामित्रांतल्या शिव्यांचं म्हणाल तर आजोबांसमोर जीभ आवरली जाते का एवढं पाहा.

१४. सून पुण्याची आहे, पंचवीस वर्षांची. तिला आखाजी, कानबाई, रोट, भरीत पार्टी काहीच माहीत नाही. तिला मुलांसारखंच शिकवायचं का?

हा वयाचा प्रश्नच नाही, तो गावाचा आहे. तिच्या वयाची यावलची मुलगी आखाजीला झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणते, श्रावणात कानबाई या देवीच्या नैवेद्याच्या रोटांना गावी धावते आणि थंडीत शेतात काटक्यांवर वांगी भाजते. सुनेकडेही तिच्या गावाचं असंच काही असेल, तेही विचारा. आणि ‘आखाजी’ म्हणजे अक्षय्य तृतीया एवढं सांगून थांबू नका. झोक्यावर बसवा.

१५. आजीचे शब्द रेकॉर्ड करून ठेवायचे आहेत. काय विचारू?

शब्द विचारू नका, काम विचारा. ‘अहिराणीत अमुकला काय म्हणतात’ असं विचारलं की म्हातारी माणसं परीक्षेला बसल्यासारखी गप्प होतात. त्याऐवजी कळण्याच्या भाकरीला पीठ कसं दळायचीस, लग्नात किती दिवस पाहुणे राहायचे, विहिरीवर मोट कोण हाकायचं, तू लहानपणी कुठल्या जत्रेत तंबूतला सिनेमा पाहिलास हे विचारा. सुरुवातीला तिचं माहेरचं गाव आणि आजची तारीख मोठ्याने बोलून घ्या. बोली दर बारा कोसांवर पालटते, गाव माहीत नसेल तर पुढे कुणाला त्या शब्दाचा पत्ता लागणार नाही. तिच्या हाताला काही काम असू द्या, शेंगा फोडणं, वाती वळणं.

फोन समोर धरलात तर ती पाहुण्यांशी बोलतात तशी प्रमाण मराठी सुरू करेल. तो उशाशी उपडा ठेवा आणि मधे बोलू नका. पाच-सात मिनिटांत ती फोन विसरते, आणि मग ‘आहे’चं ‘शे’ होतं.